हाडझा पुरुष रोज अकरा किलोमीटर चालतो, मी ऑफिसात बसतो. तरी दोघांचा ऊर्जेचा खर्च सारखा कसा?

प्रशांत_ठाणे

नमस्कार मंडळी.

वय 46, विमा कंपनीत हिशेब विभागात नोकरी, वजन 78 किलो, उंची 5 फूट 6 इंच. साखर सीमेवर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून रोज पहाटे उपवनच्या बाजूला तासभर चालतो. सुरुवातीला किलो-दीड किलो उतरलं, मग वजन तिथेच ठाण मांडून बसलं. खाण्यात फरक केलेला नाही, पण वाढवलंही नाही.

मनगटावरचं घड्याळ रोजच्या चालण्याच्या चारशेहून जास्त कॅलरी दाखवतं. माझा धंदाच हिशेबाचा, म्हणून मांडून पाहिलं. रोज चारशे म्हणजे महिन्याला बारा हजार. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी धरतात. म्हणजे महिन्याला दीड किलो जायला हवं. कुठे जातंय?

अशात टांझानियातल्या हाडझा लोकांबद्दल वाचलं. अजूनही शिकार करून, कंद खणून, मध काढून राहणारे लोक. त्यांच्यावर झालेल्या अभ्यासात म्हणे असं निघालं की ते दिवसभर राबूनही अमेरिकेतल्या बैठ्या माणसाइतक्याच कॅलरी खर्च करतात. माझा विश्वास बसत नाही. हे खरं आहे का? जंगलात राहणाऱ्या माणसाच्या कॅलरी मोजतात कशा? आणि खरं असेल तर मी पहाटे पाचला उठून चालायचं कशासाठी?

---

मीनल_सांगली

प्रशांतदादा, खरं आहे. आणि तुमचं वजन अडकलंय यात तुमची कुठलीही कसूर नाही, हे आधी सांगते.

मी सांगलीत एका धर्मादाय दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्या बायका तासगाव, मिरज, पलूस भागातल्या शेतमजूर असतात. उसात भांगलण, द्राक्षबागेत विरळणी, हळद शिजवायच्या दिवसांत ती ओझी. यातल्या कितीतरी जणींचं वजन वाढलेलं, साखर वाढलेली. सोबत आलेला मुलगा किंवा नवरा म्हणतो, "मॅडम, हिला जरा व्यायाम सांगा, हालचाल कमी पडतीया." दिवसभर उन्हात वाकून आलेल्या बाईला हे ऐकावं लागतं. मला या वाक्याचा फार संताप येतो, आणि म्हणूनच हाडझांवरचं हे काम मी मिळेल तिथून वाचत आले.

आधी मोजतात कसं ते. घड्याळ बांधून नाही, खाणं वहीत लिहून तर मुळीच नाही. एक खास पाणी प्यायला देतात. त्यातला काही हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो, त्याला ड्युटेरियम म्हणतात, आणि काही ऑक्सिजनही जड, ऑक्सिजन-18. दोन्ही स्थिर, किरणोत्सर्ग वगैरे काही नाही, गरोदर बाईलाही देता येतं. ड्युटेरियम शरीराबाहेर पडतं ते फक्त पाण्यातून: लघवी, घाम, श्वासातली वाफ. ऑक्सिजन मात्र दोन वाटांनी जातो, पाण्यातून आणि आपण सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडमधून. पुढच्या काही दिवसांत लघवीचे नमुने घेत राहायचं. दोन्ही खुणा किती वेगाने विरतात यातला फरक म्हणजे शरीराने तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. तो कळला की जाळलेली ऊर्जा कळते. माणूस त्या काळात झाडावर चढो, झोपो, नाचो, त्याचं रोजचं जगणं अडत नाही. नेथन लिफसन यांनी मिनेसोटात ही पद्धत प्राण्यांवर बसवली, आणि माणसावर ती 1982 मध्ये डेल शोएलर यांनी वापरली. पाणी फार महाग असल्याने आधी उंदरांसारख्या लहान जिवांवरच परवडायची.

हर्मन पाँट्झर, ब्रायन वुड, डेव्हिड रायक्लेन, फ्रँक मार्लो ही मंडळी हे पाणी घेऊन एयासी सरोवराच्या काठी गेली. 17 बायका आणि 13 पुरुष, प्रत्येकाची 11 दिवस मोजणी. शिवाय कुणी किती चालतं हे कळायला जीपीएस. निकाल 2012 मध्ये छापून आले. पुरुष दिवसाला सरासरी 11.4 किलोमीटर चालत होते, बायका 5.8. बायकांचं अंतर कमी दिसतं, पण टोकदार काठीने कडक जमीन फोडून कंद काढायचे, पाठीला मूल, आणि परत येताना तेच ओझं. पुरुषांचा दिवसाचा एकूण खर्च निघाला सुमारे 2,650 कॅलरी, बायकांचा 1,880 च्या आसपास.

आता तुलनेला घेतलेले अमेरिका-युरोपातले लोक: पुरुष 3,050, बायका 2,350. म्हणजे उलट त्यांचाच खर्च जास्त! कारण देह मोठा. हाडझा पुरुषाचं सरासरी वजन 51 किलो, तिकडच्या पुरुषाचं 81. हाडझा बाई 43 किलोची, तिकडची 74. म्हणून चरबी वगळून उरणारं वजन लक्षात घेऊन तुलना केली. स्नायू, यकृत, मेंदू, हाडं, जे ऊर्जा खातं ते सगळं. तशी तुलना केल्यावर फरक उरलाच नाही. संशोधकांची स्वतःची अपेक्षा होती की हाडझांचा खर्च बराच जास्त निघेल.

तुमच्या घड्याळाकडे येते. सपाटीवर चालायला किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला, साधारण अर्धी कॅलरी जास्तीची लागते. 51 किलोच्या माणसाने 11 किलोमीटर चाललं तर तीनशेच्या आत. तुम्ही तासात पाच किलोमीटर गेलात तर 78 किलोला दोनशेच्या थोडं खाली. घड्याळ चारशे दाखवतं, कारण ते त्या तासात तुम्ही नुसते बसला असता तरी जळालेली ऊर्जा त्यात बहुधा धरतं, आणि त्याच्या सूत्राला तुमच्या शरीरात स्नायू किती, चरबी किती हे ठाऊक नसतं. आपल्या लोकांत तो फरक मोठा असतो. पुण्याच्या डॉ. यज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि यज्ञिकांच्यात 21.2 टक्के. काटा सारखंच वजन दाखवत होता, आतली माणसं वेगळी. घड्याळाला एवढंही दिसत नाही.

पण सूत्राची चूक हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा असा की जळालेले दोनशेसुद्धा दिवसाच्या बेरजेत पूर्ण उतरत नाहीत. ठरलेल्या पगारात घर चालवताना मुलाच्या शिकवणीची फी वाढली की आपण दुसरीकडे हात आखडतो, तसं शरीर करतं. हालचाल वाढली की बाकीच्या कामांवरची ऊर्जा थोडी कमी करतं. 2016 मध्ये पाँट्झर आणि अॅमी ल्यूक यांच्या गटाने घाना, दक्षिण आफ्रिका, सेशेल्स, जमैका आणि अमेरिका इथल्या 332 जणांचा अभ्यास छापला. अगदी बसून असणाऱ्यांपेक्षा मध्यम हालचाल करणाऱ्यांचा खर्च जास्त होता, पण त्यापुढे हालचाल कितीही वाढली तरी एकूण आकडा जवळजवळ सपाट. 2021 मध्ये 1,754 प्रौढांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तर हालचालीत वाढलेल्या दर 100 कॅलरींमागे साधारण 28 दुसरीकडून कापल्या जातात असं निघालं. ज्यांच्या अंगात चरबी जास्त, त्यांच्यात ही कपात आणखी मोठी. ज्याला गरज जास्त त्यालाच फळ कमी. फार अन्यायाचं आहे हे, आणि अशा माणसाला आळशी म्हणणं त्याहून वाईट.

मग चालायचं कशासाठी? साखरेसाठी, दादा. तुम्ही चाललात की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि इन्सुलिनला दादही चांगली देतात. वजन एक ग्रॅम न उतरता हे होतं. हाडझांचं जास्त हालचालीचं काम, म्हणजे दम लागेल किंवा निदान श्वास वाढेल असं, दिवसाला दोन तासांहून जास्त भरतं. त्यांच्यात रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा त्रास फार कमी. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांत 705 जणांच्या हृदयाच्या रोहिण्या सीटी स्कॅनने तपासल्या, 85 टक्के लोकांच्या रोहिण्यांत चुन्याचा थरही नव्हता. हे 2017 चं काम. त्यात नुसती हालचाल नाही, खाणंही आहे, पण हालचाल नक्की आहे.

वजन उतरवायचं असेल तर ताटाकडे बघावं लागेल. तुमचं चालणं जेवढं जाळतं त्याहून जास्त एका वडापावात असतं. पहाटेचं चालणं बंद करू नका.

---

रा_वि_देव

मी निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक. मीनलताईंनी फार चांगलं समजावलं, पण माझ्या दोन शंका आहेत आणि त्या गंभीर आहेत.

पहिली. ऊर्जा अक्षय्य आहे. अकरा किलोमीटर चालायला लागणारी ऊर्जा लागतेच, तिला सूट नाही. मग एकूण आकडा वाढला नाही याचा अर्थ दुसरीकडे तेवढी बचत झाली. ती नेमकी कुठे? हृदय थांबत नाही, मेंदू थांबत नाही.

दुसरी शंका आकड्यांची. मी मूळ निबंध वाचला आहे. हाडझा पुरुषांचा एकूण खर्च त्यांच्या मूलभूत चयापचयाच्या (नुसतं पडून राहायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) सव्वादोन पट आहे आणि पाश्चात्त्य पुरुषांचा 1.8 पट. म्हणजे या मापाने हाडझा पुरुष स्पष्टपणे जास्त खर्च करतात! शिवाय तो मूलभूत चयापचय हाडझांमध्ये मोजलेला नाही, सूत्राने काढला आहे. माणसं तीस. आणि 2025 मध्ये अमेरिकेतल्या 75 जणांचा एक अभ्यास आला, त्यात अगदी बैठ्या माणसांपासून अतिदीर्घ पल्ल्याच्या धावपटूंपर्यंत सगळे होते, आणि हालचालीबरोबर एकूण खर्च सरळ वाढत गेलेला दिसला, कपात दिसली नाही. तेव्हा "शरीर पगारात घर चालवतं" हे सिद्ध झालं आहे असं म्हणणं घाईचं ठरेल.

---

मीनल_सांगली

सर, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मूळ निबंध उघडून वाचणारे थोडे.

सव्वादोन पट हे बरोबर. म्हणूनच हाडझा हालचालीवर काहीच जास्त खर्च करत नाहीत असं मी म्हणणार नाही. हालचालीवर करतात. पण एकूण बेरीज तेवढीच राहते, म्हणजे बाकीचा वाटा लहान आहे. आणि तीस माणसांवर सगळं उभं नाही. त्याआधी 2011 मध्ये जगभरच्या 98 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, सगळे याच पाण्याने मोजलेले. गरीब देशांतले कष्टकरी आणि श्रीमंत देशांतले लोक यांच्या हालचालीच्या खर्चात त्यात फरक सापडला नाही. नायजेरियाच्या खेड्यातल्या बायका आणि शिकागोजवळच्या कृष्णवर्णीय बायका यांची तुलना 2008 मध्ये झाली. एकीकडे सडपातळ, दुसरीकडे बऱ्याच जणी स्थूल. देहाचा आकार हिशेबात घेतल्यावर हालचालीचा खर्च जवळपास सारखाच. माझ्या भांगलणीच्या बायका मला यात दिसतात.

2025 च्या ज्या अभ्यासाचा उल्लेख तुम्ही केलात त्याने वाद जिवंत ठेवलाय हे मान्य. त्याच वर्षी दुसरं मोठं काम आलं: 34 समाज, 4,213 प्रौढ, हाडझांसारख्या शिकारी लोकांपासून पशुपालक, शेतकरी, शहरी नोकरदारांपर्यंत. देश जसजसा श्रीमंत, तसा देहाच्या मानाने खर्च किंचित कमी होतो असं त्यात दिसलं. पण वाढलेल्या चरबीचा फार थोडा भाग त्याने समजतो. खाण्याचा वाटा त्याच्या सुमारे दहा पट. तेव्हा कपात 28 टक्के असो, शून्य असो, माझ्या टेबलासमोर बसलेल्या बाईला द्यायचं उत्तर बदलत नाही.

आता बचत कुठे होते? तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. हृदय-मेंदू थांबत नाहीत, पण शरीर इतर पुष्कळ कामं करत असतं. प्रतिकारशक्ती हे एक मोठं खातं. बसून राहणाऱ्या माणसात बारीक दाह सतत धुमसत असतो, नियमित हालचालीने तो उतरतो. दुसरं खातं प्रजननाचं. पोलंडमधल्या शेतकरी बायकांवर ग्राझिना यासिएन्स्का यांचं काम आहे, 1998 मध्ये छापलेलं. सुगीच्या कष्टाच्या दिवसांत या बायकांचं प्रोजेस्टेरॉन (पाळी आणि गर्भधारणेशी निगडित संप्रेरक) उतरायचं, आणि त्या उपाशी नव्हत्या, त्यांचं वजनही घटत नव्हतं. नुसत्या कष्टाने शरीर तिथला हात आखडतं. आपल्याकडे ऊसतोडीच्या, बागेच्या हंगामात पाळी अनियमित झाली म्हणून बायका येतात तेव्हा मी हे आठवून कामाचे तास विचारते. तिसरं, ताणाला शरीर देतं तो प्रतिसाद. आणि चौथं अगदी साधं: राबून आलेला माणूस उरलेला वेळ निवांत बसतो. हाडझांना यंत्र लावून पाहिलं (2020), ते दिवसाचे जवळजवळ दहा तास विसावलेले असतात. आपल्या ऑफिसवाल्यांइतकेच! फक्त खुर्चीत नाही, त्यातला बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यावर. उकिडवं बसताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू चालू राहतात.

---

तालमीतला_गडी

कोल्हापूर. ताई, तुमचं सगळं वाचलं. पण आमच्या तालमीतली पोरं बघा की. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग मातीत लढती, संध्याकाळी परत मेहनत. खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, अंडी. दिवसाला पाच हजार कॅलरीच्या खाली कोण जात नसेल. अंगावर चरबी नाही. मग खर्चाला मर्यादा कसली? आणि कुस्ती सुटली की तोच गडी दोन वर्षांत सुटतो, ते का?

---

मीनल_सांगली

दादा, तुमचा पैलवान किती किलोचा? नव्वद-शंभर, त्यातलं बहुतेक मांस. नुसतं पडून राहायला त्याला दोन हजारांच्या वर लागतात. हाडझा पुरुषाच्या जवळपास दुप्पट देह आहे तो. म्हणून तुलना करताना देह आधी बघायचा.

मर्यादा आहे, आणि तुमची पोरं तिच्या जवळच आहेत. अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठवड्याला सहा-सहा मॅरेथॉन धावत गेलेल्या मंडळींची मोजणी 2019 मध्ये छापली गेली. सुरुवातीला खर्च प्रचंड, मग काही आठवड्यांत तो खाली येऊ लागला, अंतर तेच असूनही. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत, अंटार्क्टिकातल्या मोहिमा यांची आकडेवारी जोडली तेव्हा दिसलं की महिनोन्महिने पेलेल असा खर्च मूलभूत चयापचयाच्या सुमारे अडीच पटीला येऊन थांबतो. त्यापुढे गेलं की शरीर स्वतःलाच खातं, कारण आतड्यांना त्याहून जास्त अन्न पचवून देता येत नाही. दोन हजारांची अडीच पट म्हणजे पाच हजार. तुमचा खुराकाचा आकडा अगदी जिथे असायला हवा तिथेच आहे.

कुस्ती सुटली की मेहनत महिन्यात थांबते. खुराकाची सवय आणि भूक त्या वेगाने उतरत नाही. मांस झडतं, पोट सुटतं. वस्तादांना विनंती करा की लंगोट ठेवणाऱ्या गड्याला थंडाई आणि तूप कधी, कसं कमी करायचं हेही सांगा. हे कुणीच सांगत नाही आणि पस्तिशीतले मधुमेही पैलवान मी पाहते.

---

अरुशावासी

मी टांझानियात अरुशाला नोकरीनिमित्त राहतो, एयासीच्या बाजूला कामाने जाणं होतं. चर्चा वाचून एक लिहावंसं वाटलं.

हाडझा म्हणजे भूतकाळातून उचललेला नमुना नव्हे. हजार-तेराशे लोक, आणि पूर्ण शिकार-संकलनावर राहणारे त्यातले काहीशेच. आजूबाजूला दातोगा लोकांची गुरं, कांद्याची शेती, त्यामुळे शिकारीची जागा आक्रसत गेली. 2011 मध्ये याएडा खोऱ्यातल्या हाडझांना जमिनीचा सामूहिक हक्क कागदावर मिळाला, हे फार मोठं काम झालं. मंगोलाच्या बाजूला मात्र पर्यटकांच्या गाड्या येतात, त्यासोबत पैसा, दारू आणि मक्याचं पीठ.

त्यांचं खाणंही लोकांना वाटतं तसं नुसतं मांस नाही. कंद, बोरांसारखी फळं, गोरखचिंचेच्या फळातला गर आणि बिया. आणि मध! मोसमात माणसं मधावर तुटून पडतात. एक छोटा पक्षी शीळ घातली की माणसाला पोळ्यापर्यंत घेऊन जातो, माणूस झाडावर चढतो, धूर करतो, मध काढतो. "साखर खात नाहीत म्हणून बारीक" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

आणि त्यांच्या आरोग्याचं कौतुक करताना हे विसरू नये की त्यांच्यात जवळजवळ निम्मी मुलं पंधरा वर्षांची होण्याआधी जातात. जी वाचतात त्यांच्यातले म्हातारे मात्र सत्तरीतही टेकडी चढताना मी पाहिलेत.

---

मीनल_सांगली

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. शेवटचा मुद्दा मी वारंवार मांडते, कारण "आदिमानवाचा आहार" म्हणून पावडरी विकणारे लोक माझ्या पेशंटांना लुबाडतात.

मधाबद्दल अगदी सहमत. हाडझांकडे अन्नात साखर आहे, पिष्ट आहे. नाही ते हे: ज्यात तेल, साखर आणि मीठ एकत्र कालवलंय, चावायला काही लागत नाही आणि जे दहा रुपयाच्या पुडीत दारापाशी मिळतं असं अन्न. त्यांचे कंद इतके दोरकट असतात की चावून चोथा थुंकावा लागतो. आमच्या शेतमजूर बायकांचं विचाराल तर भाकरी-भाजी दोष नाही. बांधावर चहा, दुपारी चहा, घरी आल्यावर चहा, प्रत्येकात दोन-दोन चमचे साखर आणि सोबत बिस्किटाचा पुडा, कारण जेवायला बसायला मुकादम सवड देत नाही. रात्री दहाला एकदाच पोटभर, वर पाम तेलात तळलेलं काहीतरी. हे विचारलं तरच कळतं. "व्यायाम करा" म्हटलं की विचारायची गरजच संपते.

---

प्रशांत_ठाणे

सगळ्यांचे आभार. माझा बारा हजारांचा हिशेब कुठे अडला ते कळलं. आता घड्याळाचं काय करू? आणि वयामुळे चयापचय मंदावला असं सगळे म्हणतात, ते कितपत?

---

मीनल_सांगली

घड्याळात पावलं आणि नाडी बघा, कॅलरीचा रकाना बंद करून टाका.

वयाचं कारण 46 ला लागू नाही. 2021 मध्ये 29 देशांतल्या 6,421 जणांची याच पाण्याने केलेली मोजणी सायन्स या नियतकालिकात आली, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. देहाच्या मानाने पाहिलं तर विशीपासून साठीपर्यंत खर्च सपाट आहे, पाळी गेल्यावरही बाईचा अचानक पडत नाही. साठीनंतर वर्षाला पाऊण टक्क्याहून थोडा कमी असा उतरतो. चाळिशीत कमी होतो तो स्नायू. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असं काहीतरी चालण्याला जोडा. आणि एक करा: जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, पहाटेच्या तासातून काढून घेतलीत तरी चालेल. साखरेसाठी ते जास्त उपयोगी.

---

श्रुती_नाशिक

ताई, उशिरा विचारतेय. माझा मुलगा दहा वर्षांचा, वजन जास्त आहे. शाळेतून चिठ्ठी आली की मैदानी खेळ कमी पडतात. तो रोज दीड तास फुटबॉल खेळतो! चिठ्ठी वाचून तो रडला. मुलांच्यातही असंच असतं का?

---

मीनल_सांगली

श्रुती, असंच असतं, आणि हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगा.

इक्वाडोरच्या अॅमेझॉनमध्ये शुआर नावाचे लोक आहेत. सॅम्युएल अर्लाकर आणि सहकाऱ्यांनी त्यांची 44 मुलं घेतली, 2019 मध्ये छापलं. ही मुलं अमेरिकेतल्या मुलांपेक्षा बरीच जास्त हालचाल करत होती. दिवसाचा एकूण खर्च? सारखाच. पण ऊर्जा कुठे जाते ते वेगळं. शुआर मुलांचा विसाव्यातला खर्च सुमारे 20 टक्के जास्त होता, कारण जंतांशी, तापांशी त्यांचं शरीर सतत झगडत असतं. त्याची किंमत ती उंचीत मोजतात, ठेंगणी राहतात. शहरातल्या मुलाला ती झुंज नाही, तरी त्याचा एकूण खर्च तेवढाच असतो. वजन साठतं ते खाण्यातून, फुटबॉल कमी पडतो म्हणून नव्हे.

फुटबॉल चालू राहू दे. त्यामुळे हाडं, हृदय, झोप, मित्र, सगळं चांगलं राहतं. वजनाचा विषय मैदानाशी जोडूच नका, नाहीतर खेळणं त्याला शिक्षा वाटायला लागेल. मला त्याचा एक शाळेचा दिवस आणि एक रविवार असं खाणं लिहून पाठवा: डबा, खेळून आल्यावरचं, टीव्हीसमोरचं, आजीने हळूच दिलेलंही. त्याला दाखवू नका की लिहिताय. त्याची उंची आणि गेल्या वर्षीची उंची पण द्या, कारण या वयात उंची वाढत असेल तर बहुतेकदा वजन उतरवायचं नसतंच, काही महिने नुसतं थोपवून धरायचं असतं.